पीथमपूरची नोकरी आत्ताच घ्यावी का? पाय गमावलेल्या हवालदाराच्या वहिनींना उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की तुमचे भाऊजी ३६ वर्षांचे, फौजेत हवालदार होते, एलओसीवर सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. पुण्याला नवीन पाय बसवला, सव्वा वर्ष झालं, स्वतःहून डिस्चार्ज घेऊन इंदूरच्या सुदामा नगरला घरी आलेत, आणि आता जवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायजरची जागा समोर आहे, बारा तासांची शिफ्ट. सासूबाई म्हणतात घरात बसून माणूस खचतो, घेऊन टाक. तुमचे मिस्टर म्हणतात पेन्शन येतेय ना, मग कशाला तंगडतोड. आणि भाऊजी म्हणतात "कोई भी चलेगा". तुम्ही विचारलंय की अशा लोकांना कामावर जाताना नेमकं काय आडवं येतं आणि ही नोकरी घ्यावी की नाही.

मी फिजिओ आहे, इंदूरलाच, २३ वर्षं झाली. महूची लष्करी छावणी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे फौजी आणि माजी फौजी पेशंट सुरुवातीपासून येत आलेत. पाय मी बनवत नाही, ते प्रोस्थेटिस्टचं काम, त्या पायावर माणसाला चालतं करणं हे माझं. तर आधी उत्तर देऊन टाकते, मग कारणं: नोकरी जरूर करू देत, पण ही नोकरी आहे तशी, बारा तासांची, आत्ताच नको. काय बदलून घ्यायचं ते पुढे सांगते.

सगळ्यात मोठा गैरसमज हा की पाय बसला, चालायला लागला, म्हणजे झालं. घरात आणि गल्लीत चालणं वेगळं आणि ड्युटीवर दिवस काढणं वेगळं. गुडघ्याखालचा पाय गेलेल्या माणसाला तेवढंच अंतर चालायला साधारण २० ते ४० टक्के जास्त ताकद लागते, गुडघ्यावरून गेला असेल तर ६० टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे भाऊजी आठ तास ड्युटी करून येतील तेव्हा अंग दहा-अकरा तास राबल्यासारखं असेल, बारा तासांचं तुम्हीच धरा. संध्याकाळी ते कोणाशी बोलत नाहीत, खाली उतरत नाहीत असं तुम्ही लिहिलंय ना, त्यातलं थोडं मनाचं असेल पण बरंच निव्वळ थकव्याचं असतं, आणि घरचे लगेच डिप्रेशन डिप्रेशन करायला लागतात.

आता स्टंप, म्हणजे उरलेला पाय. तो काही लाकडाचा ओंडका नाही, तो दिवसभर बदलतो. सकाळी थोडा सुजलेला असतो, सॉकेट, म्हणजे नकली पायाची वरची वाटी जिच्यात तो बसतो, घट्ट बसतं, दुपारपर्यंत चालून चालून तो आक्रसतो आणि सॉकेट सैल होतं, मग आत पाय खालीवर व्हायला लागतो आणि हाड टोकाला टेकतं. उपाय सोपा आहे, जास्तीचा मोजा चढवायचा, पाच मिनिटांचं काम. पण ती पाच मिनिटं कुठे? पाय काढायचा, लायनर म्हणजे स्टंपवरचं मऊ सिलिकॉनचं आवरण पुसायचं, मोजा चढवायचा, परत घालायचा, यासाठी बसायला जागा आणि थोडा आडोसा लागतो. कारखान्याच्या गेटवरची केबिन तुम्ही बघितली असेल, चारी बाजूंनी काच. तिथे कोणता हवालदार ट्रकवाल्यांसमोर पॅन्ट वर करून पाय काढून बसेल? नाही बसणार. दुपारी दोनला सैल झालेल्या सॉकेटवर रात्री आठपर्यंत उभा राहील, आणि मग ते माझ्याकडे येतं.

एकाचं सांगते, नाव-गाव सोडून. फौजेत नाईक होता, गुडघ्याखालचाच पाय, अंगापिंडाने दणकट, चालणं इतकं सुंदर की पॅन्ट घातली की कळायचं नाही. एका ठिकाणी गार्डची नोकरी धरली, दुसऱ्या आठवड्यात स्टंपवर फोड आला. कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तिसऱ्या आठवड्यात पू, ताप, मग आला. मी चिडले, म्हटलं अरे पहिल्या दिवशी का नाही आलास, तर म्हणतो, "मॅडम, परेड में छाले तो सबको पड़ते हैं." जखम भरेपर्यंत पाय घालायचाच नाही, दीड महिना कुबड्यांवर, आणि तोवर नोकरी गेली. वाईट याचं वाटलं की त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं, त्याला जे शिकवलं तेच केलं. सोळा-सोळा वर्षं ज्याला शिकवलंय की दुखतंय म्हणायचं नाही, साहेबांनी विचारलं की "ठीक है साहब" म्हणायचं, त्याला आता आम्ही म्हणतो लाल चट्टा दिसला तरी बोल. माझ्या मते फौजी पेशंटची सगळ्यात मोठी अडचण ही आहे, पायापेक्षा मोठी. सिव्हिलियन पेशंट, म्हणजे रेल्वेखाली पाय गेलेला किंवा शुगरमुळे गेलेला, तो जरा खुपलं की फोन करतो, वैताग येतो कधी कधी, पण त्याचा पाय वाचतो. तुमच्या भाऊजींचं "कोई भी चलेगा" हे त्याच जातीचं उत्तर आहे, त्याला होकार समजू नका.

उन्हाळ्याचं वेगळं बोलायला हवं. इंदूरची रात्र गार असते म्हणून आपण मिरवतो पण मे महिन्यात दुपारी बेचाळीसच्या वर पारा गेला की सिलिकॉन लायनरच्या आत घामाचं तळं होतं, हवा जायला जागाच नसते. कातडी मऊ पडते, केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, आणि घामामुळे लायनर सरकतो तो वेगळाच. दर दोन-तीन तासांनी काढून पुसणं हा एकच खरा उपाय, बाकी पावडरी वगैरे लोक लावतात, त्याचा चिखल होतो, मी नको म्हणते. पावसाळ्यात उलट, चिखल आणि ओल्या फरशा. नकली पावलाला खालची घसरण कळत नाही, तुम्हाआम्हाला अंगठ्याने आधीच कळतं, त्यांना पडल्यावर कळतं.

आणि बूट. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावते. नकली पाय बनवताना तो ठराविक टाचेच्या उंचीच्या बुटासाठी जुळवलेला असतो. पुण्याला ज्या बुटात पाय सेट केला त्यापेक्षा टाच उंच असली तर अंग पुढे ढकललं जातं, गुडघा वाकायला बघतो, कमी असली किंवा अनवाणी चाललं तर मागे कलल्यासारखं होतं आणि गुडघा मागे ताणला जातो. दोन-चार मिनिटं काही होत नाही, पण तसंच रोज आठ तास चाललं की गुडघा आणि कंबर दोन्ही जातात. आता कारखान्यात सेफ्टी शूज सक्तीचे, जड, पुढे लोखंडी टोपी, टाच वेगळी. सिक्युरिटी एजन्सीचे बूट आणखी वेगळे. माणूस पहिल्याच दिवशी बूट बदलतो आणि महिन्याने म्हणतो कंबर का दुखते, एमआरआय काढू का. एमआरआय कशाला, बूट दाखवा आधी! जयपूर फूट, तो रबरी नकली पाय, आपल्याकडे इतका चालला त्यामागे हेही आहे, १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो बनवला तेव्हा डोक्यात हाच माणूस होता जो अनवाणी शेतात जातो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. ऑफिसच्या कामाला कार्बन फायबरचं पाऊल छान, पण ज्या कामात दहा वेळा बूट काढायचे आहेत तिथे जयपूर फूट भारी पडतो, महाग ते चांगलं असं काही इथे नाही.

सॉकेटचंही सांगते, पहिलं वर्ष-दीड वर्ष स्टंप बारीक होत राहतो, स्नायू कमी होतात, सूज उतरते, म्हणून पहिलं सॉकेट बदलावंच लागतं. भाऊजींचं सव्वा वर्ष झालंय, म्हणजे बहुतेक बदलायला आलंच असेल, मोजे किती चढवतात विचारा, पाच-सहा थर चढवत असतील तर सॉकेट संपलं समजा. त्याच्या उलट वजन तीन-चार किलो वाढलं तरी सॉकेट घट्ट होतं. घरी बसून सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफ्यातली खाऊगल्ली असं चालू असेल तर नवीन सॉकेट करून आणून काही उपयोग नाही, हे त्यांना माझ्या नावाने सांगा, तुम्ही वाईट होऊ नका.

मग पुणे. आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून फौजेतल्या लोकांना पाय-हात बसवून देतंय, काम चांगलं आहे, पण ते पुण्याला आहे आणि तुम्ही इंदूरला. नवीन सॉकेट, दुरुस्ती, तपासणी, प्रत्येक वेळी इंदूर-पुणे गाडीने एक रात्र जायची, एक यायची, आणि मधले दिवस वेगळे. नवीन लागलेल्या माणसाला खासगी कंपनी इतकी सुट्टी सहजासहजी देत नाही, आणि न विचारता गेलं की "नो वर्क नो पे" किंवा सरळ दुसरा माणूस. म्हणून नवीन सॉकेट आधी करून घ्या, नोकरी नंतर धरा, ही क्रमवारी उलटी झाली की घोळ होतो.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. सुरुंगाचा स्फोट फक्त पाय नेत नाही. कानाचे पडदे, कानात सतत शिट्टी, डोक्याला बसलेला हादरा, त्यातून विसरायला होणं, लक्ष न लागणं, झोप तुटणं. पाय डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे पायाचंच करतात. गेटवर काम म्हणजे वॉकीटॉकी, इंटरकॉम, ट्रकचा हॉर्न, त्यात एका कानाने कमी ऐकू येत असेल तर माणूस चुका करतो आणि लोक म्हणतात डोकं ठिकाणावर नाही. कानाची तपासणी करून घ्या, ऑडिओमेट्री, साधी टेस्ट आहे. आणि आवाजाचं दुसरं टोक, पीथमपूरला प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे विभाग, असतात, पत्र्याच्या शीटचा ढीग वरून पडतो तो आवाज तुम्ही ऐकलाय का? मी एकदा ऐकला, माझं काळीज हललं, मी तर युद्ध टीव्हीवर बघणारी. ज्याने खरा स्फोट खाल्लाय त्याला तिथे रोज उभं करायचं का हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो तुम्ही नाही, त्यांनी स्वतः विचारायला हवा, एकदा जाऊन उभं राहून. घाबरणं नसतं ते, अंग आपोआप जमिनीवर जातं. दिवाळीत काय होतं ते तुम्हाला घरात दिसलंच असेल.

नसलेला पाय दुखतो, हे एव्हाना तुम्हाला माहीत असेल. फॅन्टम पेन म्हणतात. नाव जुनं आहे, अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या जखमी शिपायांना तपासणाऱ्या डॉक्टर वेअर मिचेल यांनी दिलेलं, आणि त्यावरचा आरशाचा उपाय १९९० च्या दशकात आपल्या मूळच्या तमिळनाडूच्या डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी आणला. चांगल्या पायासमोर आरसा ठेवून दोन्ही पाय हलतायत असं मेंदूला दाखवायचं, खर्च एका आरशाचा, सगळ्यांना लागू पडतो असं नाही पण करून बघायला काय जातं. कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ही कळ सांगून येत नाही, करंट बसल्यासारखी येते, माणूस मध्येच थांबतो, चेहरा वाकडा होतो, आणि बाजूच्याला वाटतं नाटक करतोय, पाय तर नाहीच आहे. दुसरं म्हणजे यासाठी जी औषधं देतात, प्रीगॅबलिन, गॅबापेन्टिन वगैरे, त्यांनी काहींना झोप येते, गरगरतं. नाईट शिफ्ट असेल किंवा गाडी चालवायची असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगून डोस आणि वेळ ठरवा, मनाने गोळी बंद करू नका. रात्रीचं आणखी एक, अर्धवट झोपेत उठताना पाय नाही हे शरीर विसरतं, पाऊल टाकतं आणि धाडकन पडतं, वर्षं झाली तरी होतं. कुबडी पलंगाला टेकून ठेवा.

येण्याजाण्याचं बघा. सुदामा नगरहून पीथमपूर म्हणजे रोजचे दोन्ही वेळचे मिळून पन्नासेक किलोमीटर, कंपनीची बस असेल तर तिची पहिली पायरी किती उंच असते ते आठवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना नकली आधी, हे त्यांना पुण्याला शिकवलेलं असणार. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाला असतो आणि त्यांचा डावाच गेलाय, म्हणजे बिनगिअरची स्कूटर बरी, आणि सिग्नलला डावा नाही उजवा पाय टेकायची सवय लावायला लागते. कार घेणार असाल तर ऑटोमॅटिक, उजव्या पायावर सगळं भागतं. काहीही चालवा पण आरटीओत लायसन्सवर नोंद करून घ्या, नंतर काही झालं तर विमा कंपनी त्याच कागदावर अडून बसते.

बाथरूम. हसू नका, माझ्या यादीत हे वरच्या पाचात आहे. भारतीय बैठकीचा संडास असेल तर नकली पायाने उकिडवं बसून उठणं कठीण, धरायला दांडा नसेल तर आणखी कठीण, म्हणून माणूस पाणी पिणं कमी करतो, दिवसभर जातच नाही. उन्हाळ्यात, बारा तास, कमी पाणी! नोकरी बघायला जाल तेव्हा केबिन नंतर बघा, आधी संडास बघा.

आता माणसांचं. इंटरव्ह्यूला दोन प्रकार भेटतात. एक म्हणजे "अरे साहब, आप तो देश के हीरो हैं", चहा, फोटो, २६ जानेवारीला सत्कार, आणि काम असं की खुर्चीवर बसवून ठेवायचं. दुसरा म्हणजे "जिना चढता येईल का, पळता येईल का" आणि चेहऱ्यावर आधीच नकार. दोन्हींत माणूस कोणी विचारात घेत नाही. मला विचाराल तर पहिला प्रकार जास्त घातक, कारण त्यात तक्रार करायलाही तोंड राहत नाही. एक रिटायर्ड सुभेदार साहेब माझ्याकडे यायचे, चांगली नोकरी होती, सोडली. मी विचारलं का, तर म्हणाले तिथे मला काही करायलाच देत नाहीत, मी फाईल उचलली तरी चार पोरं धावतात. फौजेत ते क्वार्टरमास्टर स्टोअर बघायचे, हजारो वस्तूंचा हिशेब तोंडपाठ. हा मुद्दा भाऊजींनाही लागू आहे. सोळा वर्षांत बंदूक धरण्यापलीकडे ते काय काय करत होते, स्टोअर, सिग्नल, गाड्या, ट्रेनिंग, माणसांच्या ड्युट्या लावणं? आपल्याकडे माजी सैनिक म्हटलं की गार्ड, हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की ते स्वतःही त्याच्या बाहेर बघत नाहीत. पण ज्याचा पाय गेलाय त्याच्यासाठी गार्डची नोकरी, उभं राहायची नोकरी, हीच सगळ्यात वाईट! त्याच कारखान्यात स्टोअर, डिस्पॅच, गेटपासचं ऑफिस, सीसीटीव्ही कंट्रोल रूम असतेच. पगार तोच राहील, फक्त दिवस वेगळा जाईल.

आणि पलटण सुटते. हे मी बाहेरून बघितलंय म्हणून जास्त बोलत नाही, पण पाय गेल्याचं दुःख कमी होत जाताना आणि पलटण सुटल्याचं वाढत जाताना मी पाहिलंय. हॉस्पिटलमध्ये असतो तोवर आजूबाजूला सगळे तसेच असतात, एकमेकांच्या नकली पायांवरून थट्टा चालते, घाणेरडी थट्टा, आणि ती औषधासारखी असते. घरी आला की सगळे हळू आवाजात बोलतात. महूला कोणी जुने ओळखीचे असतील तर आठवड्यातून एकदा जाऊ देत, चहा पिऊन येऊ देत.

कागदांचं थोडक्यात. खासगी नोकरी केली म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन बंद होत नाही, तुमच्या मिस्टरांच्या मनात ती भीती असेल तर काढून टाका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा, फौजेच्या मेडिकल बोर्डाने लिहिलेला टक्का आणि सिव्हिल सर्टिफिकेटचा टक्का हे दोन वेगळे कागद आहेत, दिव्यांगांच्या कोट्यासाठी सिव्हिलचा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागा आहेत, ४० टक्के आणि वर अपंगत्व असेल तर, आणि त्यांचं त्याच्या वर जाईलच. त्याशिवाय सरकारी बँका आणि केंद्राच्या सरकारी कंपन्यांमध्ये माजी सैनिकांना गट क मध्ये १४.५ टक्के जागा असतात, त्यातले ४.५ टक्के जखमी होऊन अपंगत्व आलेल्यांसाठी आणि शहिदांच्या घरच्यांसाठी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा, पीथमपूरला हो म्हणण्याआधी. बँकेची परीक्षा द्यायची म्हटलं तर अभ्यास लागतो आणि छत्तिसाव्या वर्षी तो नकोसा वाटतो, पण बँकेतली बसून करायची आठ तासांची नोकरी आणि गेटवरचे बारा तास यात मी तरी सहा महिने अभ्यासाला घालवीन. काही शिकायचंच असेल तर खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासून जखमी सैनिकांना कामधंदा शिकवतात.

जे अजून फौजेत आहेत आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी एक. कायद्यात असं आहे की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारने माणसाला काढायचं नाही, दुसरं काम द्यायचं, पण सैन्यातल्या लढाऊ पदांना त्यातून सूट दिलेली आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. तरी लो मेडिकल कॅटेगरीत ठेवून शेल्टर्ड अपॉइंटमेंट, म्हणजे झेपेल असं हलकं काम, मिळतं बऱ्याच जणांना, स्टोअर, क्लार्की, ट्रेनिंग. रागात किंवा उदास असताना डिस्चार्जचा कागद भरू नका, पहिल्या वर्षात तर नाहीच. भाऊजींनी भरला, ते झालं.

फौजेचंच एक चांगलं उचला. मेडिकल कॅटेगरीत शेप म्हणून पाच भाग असतात, त्यातला ए म्हणजे हातपाय, आणि कॅटेगरी खाली आली की जवानाने काय करायचं आणि काय नाही ते कागदावर लिहिलेलं असतं. सिव्हिलमध्ये फिटनेस सर्टिफिकेट म्हणजे दोनच शब्द, फिट किंवा अनफिट. भाऊजी फिट आहेत का? आहेत. बारा तास उभे राहू शकतात का? नाही. हे त्या दोन शब्दांत मावत नाही. म्हणून मी आता पेशंटला एक पानाचं पत्र देते: सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं नको, दर तीन तासांनी दहा मिनिटं आणि दार बंद होणारी जागा, शिडी नको, जिना कठड्यासह चालेल, वजन किती उचलायचं, वर्षातून दोनदा पुण्याला जायला सुट्टी, नाईट शिफ्ट पहिले सहा महिने नको. मला वाटायचं असं पत्र बघून कंपन्या पळून जातील, उलट झालं, बहुतेकांना हायसं वाटतं, कारण त्यांनाही माहीत नसतं काय विचारायचं आणि काय विचारलं तर वाईट दिसेल. खासगी कंपनीलाही कायद्याने समान संधीचं धोरण ठेवावं लागतं, एचआरला ते शब्द माहीत असतात, पत्रावर ते वाचले की फाईल पुढे सरकते.

व्हॉट्सअपवर तुमच्याकडेही ते व्हिडिओ आले असतीलच. मेजर जनरल इयान कार्डोझो, १९७१ ला सुरुंगाने गेलेला पाय स्वतः खुकरीने कापला आणि पुढे बटालियन आणि ब्रिगेड कमांड केली. मेजर डी. पी. सिंग, कारगिलमध्ये पाय गेला, ब्लेड लावून हाफ मॅरेथॉन पळतात. होकातो सेमा, सुरुंगात पाय गेला, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत ब्राँझ. सगळी खरी माणसं, मान आहेच. पण हे भाऊजींना दिवसातून चार वेळा फॉरवर्ड करू नका. एकाने मला सांगितलं होतं, मॅडम मला मॅरेथॉन नाही पळायची, मला मुलीला स्कूटरवर शाळेत सोडायचंय, त्याचा व्हिडिओ कोणी करत नाही.

हात गेलेल्यांचं वेगळं लिहायला लागेल, एवढंच सांगते की कामाच्या बाबतीत हात पायापेक्षा कठीण, पॅन्टमध्ये लपत नाही, आणि नकली हात कपाटात ठेवून देणारे मी खूप पाहिलेत.

तर पीथमपूरवाल्यांना असं सांगा: दोन महिने थांबा, तोवर नवीन सॉकेट होईल. बाराच्या ऐवजी आठ तास, दिवसपाळी, कंट्रोल रूम किंवा गेटपास ऑफिस. पहिले दोन आठवडे चार-चार तास. नाही म्हणाले तर सोडा, दुसरी मिळते. आणि त्याआधी घरीच तालीम करा, सकाळी आठला बूट चढवून तयार, कामाच्या दिवसासारखा दिवस, उभं राहणं, बसणं, जिना, स्कूटरवरून चक्कर, सलग पाच दिवस, आणि रोज रात्री पाय काढल्यावर स्टंप बघायचा, खालचा भाग आरशात. लाली वीस मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर फोन.

शनिवारी सकाळी घेऊन या त्यांना. तुम्ही आलात तरी चालेल पण बाहेर बसा, दुखतं का विचारल्यावर तुमच्यासमोर ते "ठीक है"च म्हणतील. येताना पुण्याला पाय बसवला तेव्हाचे बूट आणि कंपनीने दिलेले किंवा देणार असलेले बूट, दोन्ही जोड पिशवीत टाकून आणा.